पोलिसांचें दप्तर आणि आपलें नांव

गेल्या पंधरवड्यांत एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा पूर्वीं आमच्याच हाताखालीं शिकलेला. सात वर्षांपूर्वीं भाऊबंदांशीं बांधावरून भांडण झालें, काठ्या निघाल्या, आणि फिर्याद देणारानें घरांतल्या झाडून सगळ्या पुरुषांचीं नांवें लिहून दिलीं. हा मुलगा त्या दिवशीं गांवांतही नव्हता. तीन वर्षें तारखा झाल्या, दावणीचा एक बैल विकला, आणि अखेर कोर्टानें सर्वांस निर्दोष सोडलें. घरीं गूळ वांटला. प्रकरण संपलें असें सर्वांस वाटलें. यंदा मुलास एका कारखान्यांत नोकरी लागत होती. मालकानें पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला; दाखल्यांत तो जुना गुन्हा क्रमांकासह उतरला, आणि निर्दोष सुटल्याचें मात्र एक अक्षर नाहीं. नोकरी गेली. शिवाय गणपती आले कीं, निवडणूक आली कीं, शिपाई दारीं येतो आणि "साहेबांनीं ठाण्यांत बोलाविलें आहे" असें सांगतो. बाप आम्हांस विचारीत होते, "गुरुजी, कोर्टानें सोडलें, मग हें दप्तर कां सोडीत नाहीं?"

हा प्रश्न एका घरचा नाहीं, म्हणून आजचा अग्रलेख त्यालाच दिला आहे. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा यात्रेंतल्या मारामारीवरून ज्यांच्यावर कधींच फिर्याद झाली नाहीं अशीं घरें खेड्यापाड्यांत थोडींच सांपडतील. खटला कोर्टांत चालतो आणि निकालही कोर्टांत लागतो. पण नांव राहतें तें ठाण्यांत. कोर्टाचा निकाल आणि ठाण्याचें दप्तर ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि एकीची खबर दुसरीस वेळेवर लागेलच असा नेम नाहीं. ही गोष्ट आमच्या लोकांस कळावी, आणि कळल्यावर त्यांनीं स्वस्थ बसूं नये, एवढाच आमचा हेतु आहे.

नोंदीची ताकद काय असते हें आम्हां शाळामास्तरांस कोणी सांगावें लागत नाहीं. शाळेच्या जनरल रजिस्टरांत जन्मतारखेचा एक आंकडा चुकला तर तो दाखल्यांत उतरतो, दाखल्यांतून नोकरींत जातो, आणि नोकरींतून पेन्शनीपर्यंत मनुष्याच्या मागें लागतो. परंतु त्या चुकीस दुरुस्तीची वाट आहे. अर्ज करावा, पुरावा द्यावा, वरिष्ठांची मंजुरी आणावी, म्हणजे मास्तर तांबड्या शाईनें दुरुस्ती करून खालीं सही करितो. पोलिसांच्या दप्तरासाठीं ही तांबडी शाई कोठें ठेविली आहे, हें आज पाहावयाचें आहे.

दप्तराची आणि बहुजन समाजाची ओळख फार जुनी, आणि ती सुखाची नाहीं. गांवचा कुळकर्णी लिहीत असे आणि कुणबी अंगठा करीत असे. काय लिहिलें हें ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्या जमिनीचा, कर्जाचा आणि अब्रूचा धनी लिहिणाराच होतो. जोतीरावांनीं विद्येसाठीं एवढा आग्रह धरिला तो काय उगीच? १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८७१ सालीं, इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा करून दप्तरशाहीचा कळस केला होता. मनुष्यानें काय केलें हें पाहण्याची गरजच उरली नाहीं. तो कोणाच्या पोटीं जन्मला एवढें पुरे झालें. आरंभीं उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ सालीं सर्व ब्रिटिश मुलुखास लागूं करण्याजोगा झाला. जमातीचें नांव यादींत आलें कीं तींतल्या माणसांचीं नांवें रजिस्टरांत, बोटांचे ठसे कागदावर, आणि पाय ठाण्याच्या हद्दींत अडकले. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत वस्ती करून लोकांस त्यांत कोंडलें होतें. ठशांची विद्याही ह्याच देशांत वाढली. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघां देशी अंमलदारांनीं ठसे लावण्याची रीत बसविली, आणि जगांत नांव मात्र झालें हेन्रीसाहेबांचें!

शाळेंत मास्तर हजेरी घेतो तेव्हां मूल "हजर" म्हणतें आणि हंसतें. ठाण्याची हजेरी बापाची असे, आणि तो हंसत नसे. दिवसभर राबून आलेल्या माणसास "मी आज चोरी केली नाहीं" हें रोज तोंड दाखवून सिद्ध करावें लागे. ही लाज करवीरच्या शाहू छत्रपतींस सहन झाली नाहीं. १९१८ सालीं त्यांनीं आपल्या राज्यांत महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. आणि त्याच सालीं कुळकर्णी वतन मोडून तलाठी नेमले. एका सालांत दोन दप्तरांच्या जाचांतून रयत सोडविणारा असा राजा विरळाच. ब्रिटिश मुलुखांतल्या पुष्कळ लोकांस मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशीं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, आणि म्हणून आपले विमुक्त बांधव तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळितात.

पण कायदा गेला तरी लेखणीची संवय गेली नाहीं. १९५९ सालीं मुंबई राज्यांत संवयीच्या गुन्हेगारांचा कायदा आला. अशा कायद्यांचा भार फिरून त्याच जमातींवर पडतो हें पाहून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २००० सालीं ते रद्द करण्याची शिफारस केली. ठाण्यांत हिस्ट्रीशीट राहिली, नजर ठेवण्याच्या याद्या राहिल्या, आणि पारध्याच्या पालावर रात्रीं-अपरात्रीं जाणारी बॅटरी राहिली.

आतां हें दप्तर लांकडी कपाटांत मावत नाहीं. २००९ सालीं केंद्र सरकारनें सर्व देशाचीं पोलीस ठाणीं संगणकाच्या एका जाळ्यांत जोडण्याची योजना मंजूर केली. पूर्वीं एका ठाण्यांतली नोंद दुसऱ्या तालुक्यास कळत नसे; आतां ती कोठेंही दिसूं शकते. त्यावर २०२२ सालीं नवा ओळख कायदा आला. १९२० सालच्या जुन्या कायद्यांत बोटांचे व पायांचे ठसे, फोटो असा थोडाच पसारा होता. नव्यांत तळहात, डोळ्यांचीं बुबुळें, रक्तासारखे नमुने, सही व हस्ताक्षर हींही आलीं. हा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद कचेरींत पंचाहत्तर वर्षें राहावयाचा आहे. विशीच्या पोराचा ठसा त्याच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत राहील. एवढें आयुष्य कितीकांच्या नशिबीं असतें?

परंतु त्याच कायद्यांत एक वाक्य असें आहे कीं तें प्रत्येक घरानें पाठ करून ठेवावें. ज्यास पूर्वीं कैदेच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली नाहीं, आणि जो खटल्याशिवाय सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, त्याचे ठसे, फोटो वगैरे सर्व नोंदी, अपिलें वगैरे सर्व उपाय संपल्यावर, नष्ट केल्या पाहिजेत; कोर्टानें कारण लिहून निराळा हुकूम दिला असेल तरच त्या राहतील. त्याच सालच्या नियमांप्रमाणें ह्यासाठीं राज्य सरकारनें एक अधिकारी नेमावयाचा असून मागणी त्याच्याकडे करावयाची आहे. म्हणजे तांबडी शाई आहे. पण दौत कुलुपांत आहे आणि किल्ली मागितल्याशिवाय मिळत नाहीं.

कोर्टांनींही ह्या बाबतींत रयतेस पाठ दाखविलेली नाहीं. संयुक्त प्रांतांत खरक सिंग नांवाच्या इसमावर १९४१ सालीं दरोड्याचा आळ आला. पुरावा नाहीं म्हणून त्यास सोडलें. पण पोलिसांनीं त्याची हिस्ट्रीशीट उघडली. मग रात्रीं दार ठोठावणें, झोपेंतून उठविणें, घरांत शिरणें असा क्रम सुरूं झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९६२ सालीं कोर्टानें रात्रीं घरांत शिरण्याचा तो नियम रद्द केला. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे हें मात्र त्या वेळच्या बहुमतानें मानलें नाहीं. पुढें १९८० सालीं कोर्टानें सांगितलें कीं नजर ठेवण्याच्या यादींत कोणाचेंही नांव यंत्रासारखें घालतां येणार नाहीं. वाजवी कारण पाहिजे. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें ठरविलें कीं खाजगीपण हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे, आणि खरक सिंगाच्या निकालांतलें उलट मत चुकीचें होतें. एका साध्या माणसानें सहन न करतां दाद मागितली, तिचें पुरें फळ देशास पंचावन्न वर्षांनीं मिळालें.

आमच्या वाचकांस याहून जवळचा निकाल ७ मे २०२४ चा आहे. दिल्लीच्या एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटींत त्याच्या अज्ञान मुलांचीं नांवेंही घातलीं होतीं. तें प्रकरण पाहतां पाहतां सुप्रीम कोर्टानें आपण होऊन सर्व देशाकडे नजर टाकली, आणि मागासलेल्या, दलित व विमुक्त जमातींच्या निरपराध माणसांच्या हिस्ट्रीशीटी केवळ पूर्वग्रहानें उघडल्या जातात, ह्या तक्रारीची गंभीर दखल घेतली. वरिष्ठ अधिकाऱ्यानें ह्या कागदांची वेळोवेळीं तपासणी करावी, निरपराध ठरलेल्यांचीं नांवें काढावीं, आणि इतर राज्यांनींही सहा महिन्यांत आपले नियम तपासावे, असें कोर्टानें फर्माविलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं तुरुंगांतील जातिभेदाविषयींचा निकाल देतांना कोर्टानें विमुक्तांच्या मनमानी अटका होऊं नयेत म्हणून पोलिसांस हेंच पुन्हां बजाविलें, आणि तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढण्याचा हुकूम दिला.

हें सगळें चांगलें. पण उणें काय आहे हें झांकून ठेवणें आमच्या पत्राची रीत नाहीं. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. बँकेकडे, दुकानदाराकडे असलेली आपली माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यांत लिहिला आहे. परंतु गुन्ह्यांचा प्रतिबंध, शोध आणि तपास यांसाठीं वापरलेली माहिती त्याच्या सतराव्या कलमानें त्या हक्कांतून वगळली. म्हणजे मोबाईलचें दुकान आपल्या नांवाचें काय करितें हें विचारतां येईल. ज्या नांवावरून शिपाई दारीं येतो त्याविषयीं ह्या कायद्याखालीं विचारतां येणार नाहीं. नांगराची मूठ शेतकऱ्याच्या हातीं दिली आणि फाळ काढून घेतला!

ज्या इंग्रजांनीं आमच्या लोकांचे ठसे घेतले, त्यांच्या देशांत काय झालें तें पाहावें. तेथें अकरा वर्षांच्या एका मुलावर २००१ सालीं लुटीच्या प्रयत्नाचा आरोप आला व तो निर्दोष सुटला. तरी पोलिसांनीं त्याचे ठसे व नमुने नष्ट करण्यास नकार दिला. तो व दुसरा एक इसम स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. ४ डिसेंबर २००८ रोजीं सतरा न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं निर्दोष माणसाचे ठसे असे सरसकट ठेवणें हा त्याच्या खाजगी आयुष्यावर घाला आहे. २०१२ सालीं पार्लमेंटास नवा कायदा करावा लागला. पोलिसांकडे आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें तेथें कोणीही विनाशुल्क लेखी मागूं शकतो, आणि साधारणपणें एका महिन्यांत उत्तर द्यावें लागतें. तपासास अडथळा होत असेल तेथें कांहीं भाग राखून ठेवितात. पण विचारण्याचा हक्क राखून ठेवीत नाहींत. तेथें म्हणून काय चोरांचें राज्य झालें?

आतां आपण काय करावें? पहिली गोष्ट, निर्दोष सुटल्याबरोबर निकालाची सहीशिक्क्याची नक्कल कोर्टांतून काढून घ्यावी. सुटल्याच्या आनंदांत पुष्कळ लोक ती काढीतच नाहींत. ती सातबाऱ्याशेजारीं पेटींत ठेवावी. तीही इस्टेटच आहे.

दुसरी गोष्ट, माहितीच्या अधिकाराचा अर्ज. २००५ सालच्या ह्या कायद्याखालीं दहा रुपयांचें कोर्ट फी तिकीट लावून ठाण्याच्या किंवा जिल्हा पोलीस कचेरीच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील घरास फी नाहीं. "माझ्या नांवें आपल्या ठाण्याच्या दप्तरांत व संगणकांत कोणत्या नोंदी आहेत, आणि अमुक खटल्याच्या निकालाची नोंद त्यांपुढें घेतली आहे काय, यांच्या प्रती द्याव्या" एवढें लिहिलें म्हणजे पुरे. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. तपासास बाध येईल, कागद गोपनीय आहे, असें सांगून नकार येऊं शकतो. हिस्ट्रीशीटीबाबत तो पुष्कळदां येईल. पण तपास चालूं आहे एवढें म्हणून भागत नाहीं, माहितीनें बाध कसा येतो हें सांगावें लागतें, असें दिल्ली हायकोर्टानें २००७ सालींच म्हटलें आहे. नकारही लेखी घ्यावा, कारण त्यावर तीस दिवसांत अपील आहे आणि पुढें माहिती आयोग आहे. तोंडी नकाराचा कोणासही जाब विचारतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट, दुरुस्तीचा अर्ज. गुन्ह्याचा क्रमांक, खटल्याचा क्रमांक व निकालाची तारीख लिहून, निकालाची प्रत जोडून, ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांस आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांस लिहावें कीं निर्दोष सुटल्याची नोंद सर्व ठिकाणीं घ्यावी, दाखल्यांत ती दिसावी, आणि नजर ठेवण्याच्या यादींत नांव असल्यास २०२४ च्या निकालाप्रमाणें तपासून काढावें. ठसे घेतले असतील तर २०२२ च्या कायद्याप्रमाणें ते नष्ट करण्याची मागणी वेगळ्या कागदावर करावी, आणि ती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवावी असें अधीक्षकांस कळवावें. अर्जाची पोहोच घ्यावी; कोणी पोहोच देत नसेल तर स्पीड पोस्टानें पाठवून पावती जपावी.

चौथी गोष्ट, दलालाच्या वाटेस जाऊं नये. पैसे देऊन नांव काढून देतों म्हणणारा बहुधा पैसेच काढून घेतो. स्त्रियांस, अनुसूचित जातिजमातींस व ठराविक मर्यादेखालीं उत्पन्न असलेल्यांस फुकट वकील देण्याचा १९८७ सालचा कायदा आहे. तालुक्याच्या कोर्टांत विधी सेवा समिति असते. १५१०० ह्या फोनवरही विचारतां येतें. तेवढ्यानें न भागल्यास हायकोर्ट आहे. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरासही त्याचें सर्किट बेंच बसूं लागल्यामुळें दक्षिणेकडच्या रयतेची मुंबईची वाट वांचली आहे.

कोणी म्हणतील, "कर नाहीं त्यास डर कशाला?" आम्ही विचारतों, आमच्याकडे आलेल्या त्या मुलानें काय केलें होतें? भीति करणीची नाहीं, नोंदीची आहे. दुसरे म्हणतील कीं दप्तर नसेल तर चोर सांपडणार कसे. दप्तर नको असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. गोठ्यांतली म्हैस गेली, विहिरीवरची मोटार गेली, तर प्रथम रडतो तो शेतकरीच, आणि पोलिसांनीं चोर धरावा असें त्यासच सर्वांत जास्त वाटतें. परंतु तणानें भरलेल्या वाफ्यांत पीक दिसत नाहीं. ज्या यादींत निर्दोषांचीं नांवें गर्दी करितात तींत खरा चोर आरामांत लपतो. नीट दप्तर ठेवणें हें पोलिसांच्याही हिताचें आहे, आणि त्यांतला चांगला अंमलदार हें जाणतो.

आतां दोन कडू शब्द आमच्याच लोकांस. भांडण दोघांचें असतां फिर्यादींत दहा नांवें कोण घालितो? आपणच. शत्रूचा कॉलेजांत जाणारा मुलगा मुद्दाम कोण गोंवितो? आपणच. रागाच्या भरांत लिहून दिलेलें तें नांव दप्तरांत आपल्या रागाहून कितीतरी वर्षें अधिक जगतें. आणि गांवांत चोरी झाली कीं पुरावा नसतां पारध्याच्या पालाकडे बोट दाखविणारे आपणच आहों. शिपाई लिहितो, पण पुष्कळदां सांगणारे आपण असतों. ज्यांस आपल्या नांवाची दाद पाहिजे त्यांनीं दुसऱ्याच्या नांवाशीं असा खेळ करूं नये.

सरकारकडे आमचें मागणें थोडें आणि सरळ आहे. कोर्टाचा निर्दोषतेचा निकाल ठाण्याच्या दप्तरांत ठराविक मुदतींत आपोआप चढला पाहिजे. त्यासाठीं गरिबास अर्ज घेऊन फिरावें लागूं नये. नोंदी नष्ट करण्यासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्याचें पद व पत्ता प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर मराठींत लावावा. २०२४ च्या निकालाप्रमाणें महाराष्ट्रांत किती हिस्ट्रीशीटी तपासल्या व किती बंद केल्या, हें विधिमंडळांत सांगावें. आणि २०२३ च्या कायद्यांतली पळवाट बुजवून पोलिसांच्या दप्तरांतली आपली नोंद पाहण्याचा व सुधारून घेण्याचा हक्क रयतेस द्यावा.

तोंवर काम आपल्या हातीं आहे. ज्या घरांत कोणी निर्दोष सुटला आहे त्या घरानें ह्याच महिन्यांत नक्कल काढावी व अर्ज करावा. एकट्यानें ठाण्याची पायरी चढण्यास भय वाटत असेल तर चौघे मिळून जावें. ग्रामपंचायतीचा सभासद, शिकलेला मुलगा किंवा गांवचा मास्तर बरोबर घ्यावा. जेथें लिहिणारा मिळत नसेल तेथें गांवच्या मास्तरांनीं शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून अर्ज लिहून द्यावे. विद्येचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं. त्या मुलाचे तिन्ही अर्ज आम्हीं लिहून दिले, आणि त्यानें त्यांखालीं अंगठा नव्हे, सही केली. उत्तर येईल तें ह्याच पत्रांतून कळवूं. आणि न आल्यास तेंही कळवूं.